शुद्धता आणि अढळपणा

मनुष्याचा अढळपणा त्याच्या निष्कलंकतेवर अवलंबून असतो काय? सामान्यतः आपण तसें मानतों. कोणाच्या अंगीं लहानसा दोष दिसला कीं त्याच्या वचनावरील आपला विश्वास डळमळतो. या समजुतीस आधार जडसृष्टीचाच दिला जातो: सोन्यांत तांबें मिसळलें कीं त्याचा कस उतरतो. परंतु गेल्या अर्धशतकांतील पदार्थविज्ञानानें या दृष्टान्तास एक विलक्षण अपवाद दाखविला आहे.

१९८० सालीं ग्रनोब्ल येथील प्रयोगशाळेंत क्लाउस फॉन क्लित्झिंग यांनीं सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉनांचा एक पातळ थर अतिशीत तपमानांत व प्रबल चुंबकक्षेत्रांत ठेवून त्याचा आडवा विद्युद्रोध मोजला. इलेक्ट्रॉनांची संख्या हळूहळू वाढविली, तरी रोध पायऱ्यापायऱ्यांनींच उतरला. आणि प्रत्येक पायरीचें मूल्य सुमारें २५,८१३ ओहमांस पूर्णांकानें भागून येणारें निघालें. तुकड्याचा आकार कसाही असो, त्यांत थोडाबहुत मळ असो, मूल्य तेंच! किंबहुना तो थोडा मळ नसता तर या पायऱ्यांस रुंदीच आली नसती.

याचें मर्म १९८२ सालीं डेव्हिड थाउलेस व त्यांचे तीन सहकारी यांनीं उलगडलें. हा पूर्णांक टॉपॉलॉजी या गणितशाखेंतील आहे. मातीचें ओलें कडें दाबा, ताणा, वेडेंवाकडें करा. त्याचें भोक एकच राहतें, कारण अर्धें भोक असूं शकत नाहीं. इलेक्ट्रॉनांच्या अवस्थांच्या समग्र रचनेंतही असाच एक पूर्णांक दडलेला असतो, आणि किरकोळ दोषांनीं तो हलत नाहीं.

जडसृष्टीवरून नीतीचा सिद्धान्त काढणें तर्कदुष्ट होय, हें आम्ही जाणतों. पण सोन्याच्या कसावरून माणसें पारखणारेही तोच तर्कदोष करितात. कोपिष्ट, हट्टी, क्वचित् आत्मस्तुतीस भुलणारा मनुष्य आपला शब्द मात्र कधीं मोडीत नाहीं, हा अनुभव कोणास नाहीं? त्याचें इमान अंशाअंशानें मोजण्याजोगें नसतें; तें असतें किंवा नसतें.

मात्र यांत दोषांना मुभा नाहीं. मळ हाताबाहेर वाढला तर पायऱ्याच नाहींशा होतात. आणि पूर्णांक ढळतो तेव्हां थोडाथोडा ढळत नाहीं. म्हणून दुसऱ्याची पारख करितांना डाग मोजीत बसूं नये, त्याचा पूर्णांक शोधावा. स्वतःची करितांना मात्र डागांकडेही डोळेझाक करूं नये, असें आमचें मत आहे.