डबीतले कोलॅजन आणि त्वचेतले

पायाचे सूप रात्री झाकून ठेवले की थंडीच्या दिवसांत सकाळी पातेल्यात थिजलेले सापडते. चमचा टेकवला की थरथरते, बोटांना लागून सुकले की बोटे एकमेकांना चिकटतात. हाडा-कातडीतले कोलॅजन शिजून त्याचे जिलेटिन झालेले असते. तेच आम्लाने किंवा एन्झाइमने आणखी तोडले की थिजण्याची ताकद जाते आणि पाण्यात चटकन विरघळणारी भुकटी उरते. क्रीमच्या डबीवर ‘हायड्रोलाइज्ड कोलॅजन’ म्हणून छापलेले असते ते हेच. त्यासाठी गुरांची किंवा डुकराची कातडी लागते, नाहीतर माशांची कातडी आणि खवले.

ही भुकटी निरुपयोगी मुळीच नाही. ती पाणी धरून ठेवते, त्वचेवर विरळ पापुद्रा धरते. भांडी घासून कोरड्या पडलेल्या हातांचा ताण त्याने सैलावतो, डोळ्यांजवळच्या बारीक रेषा काही तास बुजतात. मॉइश्चरायझरकडून एवढेच मागायचे असते आणि तेवढे ती देते.

माझे भांडण तिच्या नावावर चाललेल्या व्यवहाराशी आहे. आत्याला दुकानात सांगितले गेले, “वय वाढलं की कोलॅजन कमी होतं, ते भरून काढायला हे लावा.” पहिला अर्धा भाग खरा, म्हणूनच दुसरा पटतो. पण तो टिकत नाही. कोलॅजनची रचना मद्रासमध्ये जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954-55 मध्ये उलगडली : तीन साखळ्या, दोराच्या पेडांसारख्या एकमेकींत वळलेल्या. असा एक अखंड रेणू सुमारे 3 लाख डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचे एकक). त्वचेच्या वरच्या मृत थरातून साधारण 500 डाल्टनपेक्षा मोठा रेणू सहसा आत जात नाही. तोडलेले तुकडेही बहुधा हजारांच्या घरात असतात. आणि समजा, एखादा शिरलाच, तरी तो त्वचेच्या विणीत जाऊन बसत नाही. तिथले कोलॅजन तिथल्याच पेशी अमिनो आम्ले जोडून घडवतात. त्यासाठी त्यांना क जीवनसत्त्व लागते, आणि ते फार दिवस मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येऊ लागते. पेशींना इशारा देण्यासाठी बनवलेली छोटी पेप्टाइडे ही वेगळी द्रव्ये आहेत, त्यांचा हिशेब वेगळा. आहे ते कोलॅजन टिकवायचे तर उन्हापासून त्वचा जपावी, कारण ऊन ते तोडते. सनस्क्रीनच्या डबीवर मात्र ‘कोलॅजन’ हा शब्द क्वचितच मोठ्या अक्षरांत दिसतो.

ओलावा तर ग्लिसरीनही धरते, आणि फार स्वस्तात. मग वरचे पैसे आत्याने कशाचे मोजले? ‘भरून काढण्या’चे. जे होणार नाही त्याचे.

पैशांपेक्षाही मला दुसरी गोष्ट जास्त टोचते. आत्या माळकरी आहे. बिस्किटाचा पुडाही हिरवा ठिपका बघितल्याशिवाय ती घरात आणत नाही. त्या दिवशी चष्मा लावून तिने डबी चारी बाजूंनी फिरवून पाहिली. ठिपका नव्हता. घटकांच्या यादीत कोलॅजन होते, पण कुठल्या प्राण्याचे ते नव्हते. जी वस्तू ती तोंडात घालत नाही ती अंगाला लावायची की नाही, हे ठरवण्याचा हक्क तिचा आहे. ‘माशाचे’ किंवा ‘गुरांचे’ एवढा एक शब्द छापला असता तर तिला तो बजावता आला असता.

डबी माझ्या हातात देऊन तिने विचारले, “हे कशाचं असतं रे?” मी सुपाच्या पातेल्यापासून सुरुवात केली. तिने मध्येच थांबवून विचारले, “ते कळलं. ह्या डबीतलं कशाचं?” त्याचे उत्तर डबीवर नव्हते.