मिटवलेलं पातं

माझा भाचा टेक्सासमध्ये, डॅलसजवळच्या एका गावात राहतो. गेल्या हिवाळ्यात मी दोन महिने त्याच्याकडे होते. एका दुपारी त्याच्या धाकट्या मुलाचं अंग गरम लागलं म्हणून थर्मामीटर शोधायला भाच्याच्या पलंगाशेजारचा ड्रॉवर उघडला. चष्म्याचं घर, चार्जरच्या वायरी, रामरक्षेची छोटी पुस्तिका, आणि त्यांच्यामध्ये पिस्तूल. काळं, माझ्या तळहाताहून थोडंसंच मोठं. मी ड्रॉवर लोटून दिला आणि पलंगाच्या कडेवर बसून राहिले. मोठी आठ वर्षांची आहे, धाकटा चार. तो तेव्हा माझा पदर धरून शेजारीच उभा होता.

संध्याकाळी भाच्याशी बोलले. त्याने काहीच लपवलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या रस्त्यावरच्या एका भारतीय कुटुंबाचं घर फोडलं होतं. आपल्या घरांत सोनं असतं, हे तिथल्या चोरांनाही आता ठाऊक झालं आहे. त्यानंतर भाचेसुनेचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये गेले आणि पिस्तूल घरात आलं. सोनं कुलपात आणि पिस्तूल उघड्या ड्रॉवरमध्ये, असं मी म्हटल्यावर तो क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "अगं आत्या, मुलांना नीट समजावून सांगितलंय. हात नाही लावत ती. शहाणी आहेत."

शहाणी आहेतच. मला मात्र आईची विळी आठवली. घडीची होती. भाजी चिरता चिरता कुकर बघायला दोन मिनिटं उठायचं असलं, तरी पातं मिटवल्याशिवाय आई उठत नसे. घरात रांगतं मूल नव्हतं तेव्हाही नाही. विळीला हात लावू नका, असं तिने आम्हा भावंडांना सांगितलं असेलच, पण तिची भिस्त आमच्या ऐकण्यावर नव्हती, स्वतःच्या हातावर होती. मूल गुणी की हूड, याचा त्या पातं मिटवण्याशी काही संबंध नव्हता. ते मोठ्या माणसाचं काम होतं आणि मोठं माणूस ते करून मगच उठत होतं. 'मुलांना सांगून ठेवलंय' असं आपण म्हणतो, तेव्हा हेच काम नकळत मुलाकडे सरकवलेलं असतं. चार वर्षांच्या पोराने रोज, दर घटकेला, मित्रासमोर बढाई मारण्याच्या भरातसुद्धा स्वतःला आवरायचं आणि आयुष्यात एकदाही चुकायचं नाही. एवढा भार आपण मोठ्यांवर तरी टाकतो का?

अटलांटामध्ये याच गोष्टीचा एक अभ्यास झाला होता, तो २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठ ते बारा वर्षांच्या मुलग्यांना दोघा-तिघांच्या गटाने एका खोलीत पंधरा मिनिटं सोडलं आणि एकतर्फी आरशातून त्यांना पाहिलं. खोलीतल्या ड्रॉवरांमध्ये पाण्याच्या दोन पिचकाऱ्या आणि एक खरं, पण निकामी केलेलं पिस्तूल होतं. ते पिस्तूल ४८ मुलांना सापडलं. ३० जणांनी हाताळलं, १६ जणांनी चाप ओढला. ज्यांनी ते हाताळलं किंवा चाप ओढला, त्यांपैकी दहांतल्या नऊहून अधिक मुलांना शस्त्राबाबत काही ना काही समज आधी दिलेली होती. म्हणजे त्यांनाही कुणीतरी सांगून ठेवलेलं होतं. मुलांना सांगू नये, असं मी म्हणत नाही. सांगावंच. पण त्या सांगण्यावर टेकून आपण झोपी जाऊ नये.

भाच्याचं दुसरं म्हणणं, की मुलांना ते कुठे आहे हे माहीतच नाही. लाडवाचा डबा फडताळात कितीही वर ठेवला तरी तो कुठे आहे, हे ज्या घरातल्या मुलांना माहीत नव्हतं असं एक तरी घर वाचकांनी आठवून पाहावं. ग्रामीण अलाबामातल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आईबाप आणि मुलं यांना वेगवेगळं विचारलं होतं. बंदूक कुठे असते ते मुलांना ठाऊक नाही, असं छातीठोक सांगणाऱ्या पालकांपैकी ३९ टक्क्यांना त्यांच्याच मुलांनी खोटं ठरवलं. जानेवारी २०२३ मध्ये व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज या शहरात सहा वर्षांच्या मुलाने वर्गात आपल्या शिक्षिकेवर गोळी झाडली. शिक्षिका वाचल्या. ते पिस्तूल आईने रीतसर विकत घेतलेलं होतं आणि मुलाने ते घरूनच दप्तरातून नेलं होतं.

चार वर्षांच्या मुलाच्या एका बोटात चाप ओढण्याइतकी ताकद बहुधा नसते. म्हणून मूल अनेकदा पिस्तूल उलटं धरतं आणि दोन्ही अंगठ्यांनी चाप दाबतं. तेव्हा नळीचं तोंड त्याच्याच चेहऱ्याकडे असतं. हे लिहिताना माझा हात थांबतो. पण भाच्याला मी हे असंच, त्याच्याकडे बघून सांगितलं.

त्याची भीती मी हसण्यावारी नेली नाही. "रात्री दोन वाजता कुणी दार फोडलं, तर मी किल्ली शोधत बसू का?" बायकामुलं झोपलेली असताना बापाला पडणारा हा प्रश्न खोटा नाही. पलंगाच्या चौकटीला बोल्टने आवळून ठेवायची छोटी तिजोरी मिळते. अंकांची कळ दाबून किंवा बोटाच्या ठशाने ती काही सेकंदांत उघडते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला याहून कडक आहे. घरात शस्त्र नसणं सर्वांत बरं. असलंच तर रिकामं, कुलपात, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. रिकामं करणंही नीट समजून घ्यावं लागतं, कारण मॅगझिन काढून घेतलं तरी चेंबरमध्ये एक गोळी शिल्लक राहू शकते. अनेक घरांचा घात त्या एका गोळीने केला आहे. गोळ्या वेगळ्या ठेवायच्या तर आणखी काही क्षण जाणार. भाचा दोन रात्री यावर विचार करत होता. मी एवढंच म्हटलं, की चोर एखाद्या रात्री येईल किंवा कधीच येणार नाही, मुलं मात्र या खोलीत रोज येतात.

गॅरेजच्या फळीवर पिस्तुलाचं मूळ खोकं सापडलं. आत प्लास्टिकच्या पिशवीत तारेचं कुलूप तसंच पडून होतं, न उघडलेलं. परवानाधारक दुकानदाराने पिस्तुलासोबत असं कुलूप किंवा तत्सम साधन द्यायलाच हवं, असा तिथे २००५ चा केंद्रीय कायदा आहे. टेक्सासचा स्वतःचाही कायदा आहे. निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं शस्त्र सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं, तर तो तिथे ठेवणाऱ्याचा गुन्हा ठरतो. तरी २०१५ च्या एका राष्ट्रीय पाहणीवरून काढलेला अंदाज असा, की सुमारे ४६ लाख अमेरिकन मुलं भरलेली आणि बिनकुलपाची बंदूक असलेल्या घरांत राहतात. २०२० पासून एक ते एकोणीस वर्षांच्या वयोगटात तिथे सर्वाधिक मृत्यू बंदुकीने होत आहेत. त्यांतले कितीतरी किशोरवयीन मुलांनी स्वतःच ओढवून घेतलेले असतात, आणि शस्त्र बहुधा घरातलंच असतं. आज चार वर्षांच्या हाताला उघडता न येणारं कुलूप उद्या पंधरा वर्षांच्या एकट्या पडलेल्या मुलालाही उघडता येऊ नये.

आपल्याकडे निवडणूक आली की परवान्याची बरीचशी शस्त्रंसुद्धा पोलीस ठाण्यात जमा करून घेतात, त्यामुळे हा विषय परका वाटेल. बहुतेक वाचकांच्या घरी पिस्तूल नाहीच. खेड्यातल्या घरांत खाटेखाली कीटकनाशकाची बाटली असते, तीही मी इथे मोजते, कारण तिलाही कुलूप हवं. पण नातवंडं सांभाळायला सहा-सहा महिने अमेरिकेत जाणारे आजी-आजोबा हा स्तंभ वाचतात, त्यांना सांगते: लेकाला, जावयाला विचारा. शेजाऱ्यालाही विचारायला लावा. तिथले बालरोगतज्ज्ञ पालकांना हेच सांगतात, की मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला पाठवण्याआधी, तुमच्या घरी बिनकुलपाची बंदूक आहे का, असं विचारा. शेंगदाण्याची ॲलर्जी सांगतो, कुत्रा आहे का विचारतो, तितक्याच साधेपणाने. भाचेसुनेला हे फार अवघड वाटत होतं. लोक काय म्हणतील, आपण परके, त्यांना राग आला तर? भीड ही भिकेची बहीण, असं माझी आजी म्हणायची, ते मी तिला सांगितलं.

मी परतायच्या आधीच्या शनिवारी मोठीचा वाढदिवस होता. वर्गातली नऊ मुलं येणार होती. तिजोरी पलंगाला आवळून झाली होती, गोळ्यांची पेटी कपाटात वरच्या कप्प्यात, वेगळ्या किल्लीने बंद. भाचेसून आमंत्रणाचा संदेश लिहीत होती: वेळ, पत्ता, केकमध्ये अंडं नाही. मग तिने खाली आणखी एक ओळ घातली. आमच्या घरात एक पिस्तूल आहे, ते रिकामं आणि कुलपात आहे, काही विचारायचं असेल तर जरूर फोन करा. भाच्याने ती ओळ वाचली, थोडा वेळ फोन हातात धरून उभा राहिला आणि परत दिला. तिने संदेश पाठवला. अर्ध्या तासात तीन आयांचे फोन आले. त्यांतल्या एकीने आधी आभार मानले, मग आवाज खाली आणून विचारलं, ती तिजोरी कुठे मिळते.