दंडावरची खूण

वाचन : २ शमुवेल, अध्याय १, वचने १ ते १६



गिलबोवा डोंगरावर शौल राजा पडला, तेव्हा एक अमालेकी मनुष्य त्याचा मुकुट व दंडावरचे कडे काढून दाविदाकडे घेऊन आला. आपणास बक्षीस मिळेल असे त्यास वाटले. कारण शौल दाविदाच्या जिवावर उठला होता. परंतु दाविदाने वस्त्रे फाडली आणि त्या वैऱ्यासाठी संध्याकाळपर्यंत उपास करून विलाप केला. त्या कड्यात अमालेक्यास राज्याधिकार दिसला. दाविदास मेलेला मनुष्य दिसला.

आजही दंडावर फीत किंवा पट्टा बांधतात, तो तीन कारणांसाठी.

पहिले कारण शोक. २ जानेवारी २०१९ रोजी क्रिकेटचे गुरू रमाकांत आचरेकर मुंबईत निवर्तले. दुसऱ्याच दिवशी सिडनी येथे भारतीय खेळाडू दंडास काळी फीत बांधून मैदानात उतरले. गुरूचे ऋण असे मानणे योग्यच होय. परंतु आपल्या अमरावती जिल्ह्यात कर्जापायी शेतकऱ्यांनी जीव दिले आहेत. मोर्शी तालुक्यातल्या एखाद्या गावी असे घर असेल, तर पेरणीच्या दिवसांत त्या विधवेच्या शेतात आपली बैलजोडी न्यावी. फितीचा अर्थ तेथे पुरा होतो.

दुसरे कारण निषेध. डिसेंबर १९६५ मध्ये अमेरिकेतील डी मॉईन नगरात एका मेथडिस्ट पाळकाची तेरा वर्षांची कन्या मेरी बेथ टिंकर व तिचा भाऊ जॉन काळी फीत बांधून शाळेत गेली. व्हिएतनामच्या युद्धात दोन्ही पक्षांकडील जे मेले, त्या सर्वांसाठी त्यांचा शोक होता. शाळेने त्यांस घरी पाठविले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय त्यांच्या बाजूने दिला. निषेध करणाऱ्याने शत्रूच्या मेलेल्यांसाठीही रडावे, हे त्या लेकरांनी दाविदाप्रमाणेच दाखविले.

तिसरे कारण अधिकार. कचेरीतल्या पट्टेवाल्यास नावच पट्ट्यावरून मिळाले. १८६४ च्या जिनिव्हा करारानेही रणभूमीवर जखमींची शुश्रूषा करणाऱ्यांस दंडावर पांढरा पट्टा व त्यावर तांबडा क्रूस धारण करण्याची मुभा दिली. तो अधिकार कशाचा? आपला-परका न पाहता जखमीस उचलण्याचा.

आपल्या भाषेत दंड म्हणजे बाहू, आणि दंड म्हणजे शिक्षाही. उपदेशकहो, मंडळीच्या वडिलांनो, सभेच्या दिवशी स्वयंसेवकाची फीत बांधाल, तेव्हा दटावण्यासाठी माणूस शोधू नका. ज्या म्हातारीला बसावयास जागा मिळाली नाही, तिला शोधा.

फीत संध्याकाळी सोडून ठेवावी लागते. तोच बाहू दुसऱ्या दिवशी कोणाच्या उपयोगी पडला, हे देव पाहतो. तो आपले बाहू सेवेसाठी बळकट करो. आमेन.