वही काढ आणि लिही

आधी तो मोबाईल पालथा ठेव आणि मान वर कर. चौथीत होतीस तेव्हापासून सांगतेय, बोलताना पायाच्या अंगठ्याकडे बघायचं नाही.

तर दुर्बिणीतून गर्भपिशवीतला पॉलिप काढायची तारीख पुन्हा पुढे गेली. मागच्या खेपेला हिमोग्लोबिन ८ निघालं म्हणून, या खेपेला भूलतज्ज्ञ नाहीत म्हणून. आणि हे तुला सांगितलं कोणी? काउंटरवरच्या मुलीनं. तू ‘बरं’ म्हणालीस, फाइल पिशवीत कोंबलीस, रिक्षा केलीस आणि नवीन पनवेलला घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडलीस. पुढची तारीख कोणती, विचारलंस? नाही. तोवर अंगावरून जास्त जायला लागलं तर फोन कोणाला करायचा? नाही. माझ्या बाबतीत इतकं थांबणं चालेल का, हे तरी? तेही नाही! सोसायटीच्या मेन्टेनन्सच्या बिलात पन्नास रुपये जास्त लागले तर सेक्रेटरीला जिन्यात गाठणारी बाई तू. स्वतःच्या अंगावर आलं की वाचा बसते?

तारखा ढकलणाऱ्यांना मी चांगलं म्हणत नाहीये. उपाशीपोटी बोलावून दुपारी परत पाठवायचं ही काय रीत झाली? पण ते माझ्यासमोर नाहीत, तू आहेस.

आता ते आठ हिमोग्लोबिन. बाईचं निदान १२ तरी हवं. कमी रक्तावर भूल देणं धोक्याचं, म्हणून पहिली तारीख गेली. त्यात तुझ्यावर अन्याय झाला नव्हता, तुझ्या जिवाची काळजी होती. लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या कशाबरोबर घेतेस? चहाबरोबर! चहानं लोह अंगी लागत नाही, हे पाकिटाबरोबर सांगितलं नसेल तर विचारायचं होतंस. लिंबूपाण्याबरोबर घे, चहा-दुधाला तासा-दोन तासांचं अंतर ठेव. शौचाला काळं झालं म्हणून घाबरून मध्येच बंदही केल्यास. अगं, लोहानं होतंच ते. नेमानं घेतल्या आणि लागू पडल्या तर महिन्याभरात एखाद-दोन ग्रॅम चढतं. पोटाला झेपत नसतील तर शिरेतून लोह देतात, तसं सांग त्यांना. आणि एवढ्या कमी रक्तावर हरतालिकेचा निर्जळी उपास करणाऱ्या तुला काय म्हणू?

त्यावरही कळस म्हणजे गौरी घरी येणार म्हणून शेजारणीनं दिलेली पाळी लांबवायची गोळी. डॉक्टरांना न विचारता! पाळी थांबल्यावर लगेचच्या दिवसांत आतलं अस्तर पातळ असतं, दुर्बिणीला नीट दिसतं, म्हणून ही तारीख पाळीच्या हिशोबानं देतात. तू पाळीच हलवलीस तर त्यांनी हिशोब कशाचा करायचा? गौरींना तुझ्या पाळीची अडचण होत नाही, सासूबाईंना होत असेल. त्यांना म्हणावं, बाईंनी सांगितलंय.

आणि त्याच शेजारणीचा दुसरा सल्ला, ‘एकदाची पिशवीच काढून टाक, कटकट मिटेल.’ बीडला हेच झालं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. तिकडे पाळीत एक दिवस कामाचा खाडा झाला की मुकादम दंड लावतो. वर ‘कॅन्सर होईल’ अशी भीती घालणारे डॉक्टर भेटले. कर्ज काढून ऑपरेशनं केली बिचाऱ्यांनी, आणि नंतर कंबर-पाठ धरून पुन्हा फडात उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न होता. तुझ्यापुढे कसला? वाट बघवत नाही, एवढाच. कधी पिशवी काढावीही लागते, नाही असं नाही. पण ते तपासणीनंतर ठरतं, जिन्यात नाही.

भीती वाटते म्हणून मी रागावत नाही. वाटणारच. रात्री दोनला उठून मोबाईलवर कॅन्सर शोधतेस, नवऱ्याला ‘टेन्शन नको’ म्हणून सांगत नाहीस आणि पोरीवर वसावसा ओरडतेस, त्यासाठी रागावतेय. पॉलिप बहुतेक साधेच निघतात; खात्री करायची म्हणून तुकडा तपासायला पाठवतात. त्या मोबाईलला तुझं वय माहीत नाही, तुझी सोनोग्राफी माहीत नाही. संध्याकाळी दिवा लावून झाला की पंधरा मिनिटं वही घेऊन बस आणि मनात येईल ती सगळी काळजी त्यात उतरव. रात्री पुन्हा डोकं वर काढलं तर ‘उद्या संध्याकाळी’ म्हणून कूस बदल. तरीही झोप लागेना, छातीत धडधड थांबेना, तर १४४१६ ला फोन कर. सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. वेड्यांसाठी नाही ती, उगाच नाक मुरडू नकोस.

आणि हे फ्रिजवर लावून ठेव. तासाला एक पॅड भिजतंय आणि दोन तास तसंच चाललंय, चक्कर येतेय, धाप लागतेय, ताप किंवा घाण वास आहे, तर तारखेची वाट बघायची नाही. १०८ ला फोन, नाहीतर पूल ओलांडून जुन्या पनवेलचं उपजिल्हा रुग्णालय. तेव्हा ‘रात्रीचं कुणाला उठवू’ चालणार नाही.

उद्या सकाळी नवऱ्याला घेऊन जा. काउंटरवर अडवलं तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हलायचं नाही. नक्की तारीख कोणती, भूलतज्ज्ञ आहेत ना, हिमोग्लोबिन किती लागेल, तोवर रक्तस्राव थोपवायला काही औषध देणार का. उत्तरं तिथल्या तिथे लिहून घे. टाळाटाळ केली तर कागद माग आणि दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. मागितल्यापासून ७२ तासांत रिपोर्ट देणं त्यांना बंधनकारक आहे.