लावलेल्या झाडावर मालकी कोणाची?

मुले आपण घडवावीत आणि त्यांच्या कर्तृत्वाचा लाभ दुसऱ्यांनी घ्यावा, यात अन्याय आहे काय? आपल्या संस्थांच्या वार्षिक सभांतून हा प्रश्न निरनिराळ्या शब्दांत ऐकू येतो. त्याचा विचार करताना साहित्यापेक्षा फुटबॉलचे उदाहरण मला अधिक उपयोगी वाटते.

महायुद्ध आणि फाळणी यांमुळे खंडित झालेली ड्युरँड करंडक स्पर्धा १९५० साली पुन्हा सुरू झाली. अंतिम सामन्यात मोहन बागानने दोन गोलांची आघाडी घेतली असता हैदराबाद सिटी पोलीस संघाने बरोबरी साधली आणि फेरसामना जिंकला. मुंबईचा रोव्हर्स करंडक तर या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. संघाचे मार्गदर्शक होते सय्यद अब्दुल रहीम. ते पेशाने शिक्षक. आपल्या बरकतपुऱ्याशेजारच्या काचीगुड्यातील शाळेतही त्यांनी शिकविले. नामवंतांवर विसंबण्यापेक्षा त्यांनी इथलीच पोरे घडविली. दुबळ्या पायानेच खेळावयाच्या स्पर्धाही ते भरवीत.

'इथला' म्हणजे कोण, हेही पाहण्यासारखे आहे. तुळशीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा, आईवडील तमिळ. रहीमसाहेबांच्या दृष्टीने तो हैदराबादचाच होता. पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेल्या आपणा मराठी मंडळींना हे वेगळे सांगावयास नको. माणूस कोठला हे त्याच्या मूळ गावापेक्षा त्याच्या घडणीवरून ठरते.

हाच बलराम १९५७ साली कलकत्त्याच्या ईस्ट बंगालकडे गेला. हैदराबादचे नुकसान झाले खरे. परंतु १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले, तेव्हा तो रहीमसाहेबांच्याच हाताखाली खेळत होता. शहराचा वाटा हरवला नव्हता, विस्तारला होता.

यावर कोणी म्हणेल, अशा औदार्याने संस्था ओस पडतात. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण बलराम गेल्यानंतरही, १९६१ साली, याच संघाने आंध्र पोलीस या नावाने ड्युरँड जिंकला. जाणाऱ्याची जागा घेणारा तयार होत होता तोवर अडले नाही. जून १९६३ मध्ये रहीमसाहेब निवर्तले आणि पुढील काही दशकांत हैदराबादी फुटबॉलचे तेज उतरत गेले. कारणे अनेक असतील. तथापि खेळाडू घडविणारे पुरेसे घडले नाहीत, हे त्यातले मोठे कारण असावे असे मला वाटते.

आपल्या परंपरेत ऋषिऋण ऋषींना परत करावयाचे नसते. शिकून आणि शिकवून ते फेडावयाचे असते. १९०७ साली विवेकवर्धिनी स्थापन करणाऱ्यांनी आपल्याकडून परतफेड मागितलेली नाही. तेव्हा परदेशी गेलेली मुले परत का येत नाहीत, हा हिशेब मांडण्यापूर्वी आपण दुसरा मांडावा: आज शेजारच्या, कदाचित तेलुगू घरातल्या, मुलाला आठवड्यातून एक तास मराठी शिकवावयास आपल्यापैकी किती जण तयार आहेत?