जिव्हालौल्य : हसण्यावारी गेलेला दोष

मद्यपी माणसाची कथा सांगताना मराठी वाङ्मयाने अश्रू ढाळले; खादाड माणसाची कथा सांगताना मात्र ते हसले. हा भेद साधकांनी विचारात घ्यावा असा आहे. ज्या दोषाला लोक हसतात तो निरुपद्रवी आहे असे सहज वाटू लागते, आणि घरदार सोडून निघालेल्याला हाच समज सर्वांत महाग पडतो.

राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने १९१९ च्या फेब्रुवारीत रंगभूमीवर आणले. त्याआधी महिनाभरच गडकऱ्यांचे निधन झाले होते. बुद्धिमान सुधाकर एका प्याल्यापासून घसरत जातो, सिंधूवर दळण दळण्याची पाळी येते आणि तान्हे मूल बापाच्याच हातून मरते. तळीराम प्रेक्षकांना पोट धरून हसवतो खरा, पण नाटककाराने त्यालाही मरणापासून सोडवलेले नाही. गिरगावातील नाट्यगृहांत या नाटकाला पिढ्यान्‌पिढ्या रडल्या. परळ-लालबागच्या गिरणगावाला तर हे रंगमंचावर जाऊन पाहण्याचीही गरज नव्हती. पगाराच्या दिवशी नवरा घरी पोचेपर्यंत हातात किती उरेल याची चिंता तेथील अनेक घरांत ओळखीची होती.

खादाडाचे चित्र याहून निराळे आहे. संस्कृत नाटकातील विदूषक हा जन्माचा भुकेला. कालिदासाच्या ‘विक्रमोर्वशीय’ नाटकात उगवणारा चंद्रसुद्धा त्याला साखरेच्या मोदकासारखा दिसतो. ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले त्याच वर्षी गिरगावालगतच्या गावदेवीत जन्मलेले पु. ल. देशपांडे पुढे ‘माझे खाद्यजीवन’ लिहितात, आणि तो लेख वाचून कोणाच्याही डोळ्यांसमोर उद्ध्वस्त संसार उभा राहत नाही. उभी राहते ती पंगत. त्यांचे काही चुकले असे येथे म्हणावयाचे नाही. अन्नाची आवड हा दोष नव्हे, आणि अन्नावर रागावणारा माणूस धार्मिक असतो असेही नाही. लीळाचरित्रात म्हाइंभटांनी सर्वज्ञांची आरोगणा ठायीठायी नोंदवून ठेवली आहे. अन्नाचा उल्लेखच अपवित्र असता तर त्या महापुरुषाने तेवढी लेखणी झिजवली नसती.

मग जिव्हालौल्याचा दोष नेमका कोठे आहे? षड्रिपूंच्या यादीत त्याला स्वतंत्र नाव नाही. तो लोभाच्या पोटात राहतो. ख्रिस्ती वैराग्यांनी मात्र त्याला वेगळे काढले. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियसने साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची गणना केली, तीत पहिले स्थान अतिभोजनाचे होते. संसार सोडलेल्या माणसानेच ही यादी केली हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्त्री, धन, सत्ता यांपासून तो दूर गेला, परंतु पोट त्याच्याबरोबर वाळवंटातही आले.

भागवताच्या एकादश स्कंधात श्रीकृष्ण चक्रवर्ती उद्धवदेवांना अवधूताचे आख्यान सांगतात, त्यात गळाला लागलेला मासा हा एक गुरू आहे. आहार तोडला तर इतर इंद्रिये मावळतात, रसना मात्र उलट वाढते. आणि ती जिंकली नाही तोवर कोणतेच इंद्रिय जिंकले असे म्हणता येत नाही, असा त्या स्थळाचा आशय आहे. याच स्कंधावर भास्करभट्ट बोरीकरांनी ‘उद्धवगीता’ रचली. त्यांचे ‘शिशुपाळवध’ वाचून गुरुबंधूंनी काव्य उत्तम आहे, पण निवृत्तांच्या उपयोगाचे नाही, असा अभिप्राय दिला, आणि मग ते एकादश स्कंधाकडे वळले, ही कथा पंथात सर्वश्रुत आहे. काव्यातही रस आणि जिभेवरही रस! एकाची गोडी ओळखून जो मागे फिरला, त्याच्याच हातून दुसऱ्याच्या धोक्याची गोष्ट मराठीत यावी, हे योग्यच झाले.

उपदेश घेताना वासनिक मद्य, मांस, द्यूत इत्यादी सप्तव्यसनांचा त्याग करतो. त्या त्यागाला स्पष्ट सीमा आहे: प्याला उचलला की नियम मोडला. अन्नाचे तसे नाही. ते रोज घ्यावेच लागते, म्हणून गरज कोठे संपली आणि लौल्य कोठे सुरू झाले, हे दुसऱ्याला दिसत नाही आणि पुष्कळदा स्वतःलाही कळत नाही.

किती खाल्ले यावरून हे ठरवू गेल्यास घोटाळा होतो. महाभारतातील वृकोदर भीम याचे खाणे सर्वांना कौतुकाचे. बकासुरासाठी नेलेले गाडाभर अन्न तो स्वतःच खातो आणि ऐकणारे आनंदतात. पण महाप्रस्थानाच्या वाटेवर भीम कोसळतो आणि कारण विचारतो, तेव्हा युधिष्ठिराचे उत्तर कठोर आहे: तू फार खाल्लेस, बळाची बढाई मारलीस, आणि दुसऱ्याकडे पाहिले नाहीस. ज्याला सबंध ग्रंथभर हसून सोडून दिले, त्या दोषाचा हिशेब शेवटी मागितला गेला. या उत्तरातला शेवटचा भागच मर्माचा आहे.

गिरणगावातील खानावळींचा विचार केला म्हणजे हे मर्म उघड होते. कोकण-घाटावरून आलेले कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि महिन्याच्या खात्यावर एखाद्या बाईकडे जेवत. साच्यावर आठ तास उभा राहिलेला माणूस ताटातल्या भाकरी भराभर संपवतो, पुन्हा मागतो. त्याला खादाड म्हणणे हा अन्याय आहे. आणि ती वाढणारी बाई? तिची नजर सारखी दुसऱ्याच्या ताटावर. तिचे स्वतःचे जेवण शेवटी, उरले तर. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करीपर्यंत या बायांच्या श्रमाला कोणी धंदा म्हणूनही मोजले नव्हते. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचे वेतन थांबले, आणि त्यांच्या जेवणावर चाललेल्या चुलीही संकटात आल्या. आज लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात उपाहारगृहे आहेत. तेथे अर्धे टाकून उठणारा माणूस त्या कामगारापेक्षा पुष्कळ कमी खातो. तरी लौल्य कोणाचे म्हणावे?

हाच प्रश्न भिक्षुकालाही टाळता येत नाही. भिक्षेत घर निवडता येत नाही आणि पदार्थही निवडता येत नाही. कोणाची भाजी, कोणाची आमटी, सारे एका झोळीत येते आणि जिभेचा आग्रह तेथेच मोडतो. मुंबईसारख्या शहरात भिक्षेची जागा बहुधा निमंत्रणाने घेतली आहे. लालबागच्या चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत एखादे वासनिक कुटुंब राहते. चार साधू येणार म्हणून घरची बाई पहाटे उठते, शेजारून पाट आणि भांडी मागून आणते, महिनाअखेर असली तरी तूप आणते. पंगतीत एखादा साधू सहज म्हणतो, “मागच्या खेपेची पुरणपोळी फार उत्तम झाली होती.” त्याने काही मागितलेले नाही; तो अर्धीच पोळी खाऊन उठेल, आणि मिताहारी म्हणून त्याची ख्यातीही होईल. पण पुढच्या वेळी त्या घरात पुरण शिजणार हे ठरून गेले. खोलीच्या दारामागे शाळेला निघालेली मुले साधूंची पंगत उठण्याची वाट पाहत उभी असतात, आणि पुरणाच्या पातेल्यात किती उरले आहे हे त्यांच्या आईला ठाऊक असते.