मुदत तुझी वाट पाहणार नाही, बाबू

बाबू,

तुझा निरोप वाचला. "सर, व्हिसा जानेवारीअखेर संपतो आहे, पण टेन्शन नाही, पाहू काही तरी." पुढे हसरा चेहरा. काहून रे, हसण्यासारखं काय आहे यात? परक्या देशात राहण्याची तुझी परवानगी संपत आली आहे आणि तू "पाहू" म्हणतोस! दहावीच्या सराव परीक्षेच्या आदल्या दिवशीही तू हेच म्हणायचास. तेव्हा मी फार तर वर्गाबाहेर उभं करत होतो. इंग्लंडचं गृहखातं तुला देशाबाहेर उभं करेल.

हे पत्र मी इथल्या बारावीच्या आणि कॉलेजच्या पोरांनाही वाचून दाखवणार आहे. त्यातले दोघेतिघे तुझ्याच वाटेनं निघाले आहेत. तू कुठं चुकतो आहेस ते त्यांना आधीच कळलेलं बरं.

आधी हिशेब समजून घे. तुझा अभ्यासक्रम सप्टेंबरमध्ये संपला, तरी व्हिसा जानेवारीपर्यंत चालतो. वर्षभराच्या किंवा त्याहून मोठ्या अभ्यासक्रमाला तिथं शेवटी चार महिने जास्तीचे मिळतात. ते कशासाठी दिले होते? निकाल लागावा, विद्यापीठानं तो सरकारला कळवावा आणि तू पुढचा अर्ज करावास, यासाठी. त्यातले तीन तू गोदामातल्या पाळ्या करण्यात आणि झोपण्यात घालवलेस. पाळ्या केल्यास त्याचा राग नाही, कष्टाला आपल्याकडं कोणी नावं ठेवत नाही. पण एका संध्याकाळी बसून सरकारी संकेतस्थळावरचे नियम वाचायला तुला वेळ मिळाला नाही, हे मी ऐकून घेणार नाही.

त्यात भर म्हणजे खोलीतल्या मित्रानं सांगितलं म्हणे, "मुदत संपल्यावरही चौदा दिवस मिळतात." अर्धवट ज्ञान ते हेच. ते चौदा दिवस तुझ्या आळसासाठी ठेवलेले नाहीत. माणूस इस्पितळात पडला, किंवा त्याच्या हातात नसलेलं असंच काही ओढवलं, तर तेवढ्या दिवसांत केलेल्या अर्जाचा विचार होऊ शकतो. तोही पुरावा दाखवल्यावर. "मित्र म्हणाला" हा पुरावा होत नाही.

खरा नियम पाठ कर. ब्रिटनच्या 1971 च्या इमिग्रेशन कायद्यात 3 सी नावाचं कलम आहे. व्हिसा चालू असताना मुदतवाढीचा वैध अर्ज केलास, तर निर्णय लागेपर्यंत तुझा जुना हक्क तसाच चालू राहतो. मधल्या काळात व्हिसाची तारीख उलटली तरी तू कायदेशीरच राहतोस, आधीच्या अटींवर काम करू शकतोस. तोच अर्ज मुदत संपल्यावर एका दिवसानं केलास तर या कलमाचं छत्र मिळत नाही. तू तोच, पदवी तीच, कागद तेच. फरक पडतो तो फक्त एका तारखेचा.

जर्मनीतही मुदतीत अर्ज करणाऱ्याचा जुना परवाना निर्णयापर्यंत चालू धरतात, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला 18 महिने देतात. अमेरिकेत शिक्षणानंतरच्या कामाच्या परवानगीसाठी अभ्यासक्रम संपण्याच्या 90 दिवस आधीपासून संपल्यावर 60 दिवसांपर्यंतच अर्ज करता येतो. देश कुठलाही असो, वेळेत दारावर उभा राहिलेल्याला कायदा थांबवून घेतो, उशिरा आलेल्याला विचारतही नाही.

ब्रिटनच्या नियमांत आणखी एक फास आहे. अर्ज करून निर्णयाची वाट पाहत असताना देश सोडलास, तर अर्ज मागे घेतला असं धरतात. उद्या घरून फोन आला, बापाला दवाखान्यात नेलं आहे, आणि तू तिकीट काढून निघालास, की तुझा अर्ज गेला. शेवटच्या आठवड्यात अर्ज करणाऱ्याच्या वाट्याला हे अडकून पडणं येतं. निकाल लागताच अर्ज करणारा तोवर मोकळा झालेला असतो, कारण निर्णयाला साधारण आठ आठवडे धरतात.

आता मुख्य घोडं कुठं अडलं आहे ते सांगतो, कारण ते तुझ्या ध्यानातही नाही. तू शिकलास तो सरकारी शिष्यवृत्तीवर. फीही सरकारनं भरली आणि राहण्याखाण्याचा खर्चही दिला. पदवीनंतर तिथं राहण्याचा जो मार्ग आहे, त्याला ग्रॅज्युएट रूट म्हणतात. त्याचा नियम असा, की अर्जाच्या आधीच्या बारा महिन्यांत एखाद्या सरकारनं किंवा आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती संस्थेनं हे दोन्ही खर्च उचलले असतील, तर त्यांचं लेखी संमतिपत्र जोडावं लागतं. आहे तुझ्याकडं? मागितलं आहेस? तुझी शिष्यवृत्ती देणारं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला आहे. तू इंग्लंडात, फाईल तिकडं, आणि हाताशी उरले आहेत मोजके दिवस, त्यातही नाताळच्या सुट्ट्या. कुठल्याही कार्यालयातून सहीचं पत्र मागितल्या दिवशी निघत नाही. हे तुला सप्टेंबरमध्येच सुचायला हवं होतं.

संमती मागण्यापूर्वी तू स्वतः सही केलेला करारनामा काढून वाच. परत येण्याची, कळवण्याची, जी अट त्यात असेल ती पाळायची. पैसे घेताना अटी मान्य होत्या, मग आता डोळे झाकून चालणार नाही.

"सर, मी खेड्यातला, मला कोण सांगणार?" हे रडगाणं तर माझ्यासमोर गाऊच नकोस. जात वैधतेच्या वेळी तुला कोणी सांगितलं होतं? 1950 च्या आधीचा पुरावा हवा म्हटल्यावर तहसीलच्या अभिलेख कक्षात बसून कोतवाल बुकातली पणजोबाची नोंद तूच शोधून काढलीस. पान पिवळं पडलेलं, शाई पुसट, नावातलं एक अक्षर वेगळं. त्या एका अक्षरासाठी शपथपत्र केलंस आणि गडचिरोलीच्या तपासणी समितीपुढं उभा राहिलास. तेवढी चिकाटी ज्याच्या अंगात होती, त्याला आज इंटरनेटवर घरबसल्या भरायचा अर्ज जड जातो?

आणि तू कुठल्या तालुक्यातला आहेस ते विसरलास का? मेंढा (लेखा) धानोऱ्याच्या उशाला आहे. त्या गावानं अभ्यास गट बसवले, कायदा वाचला, समजून घेतला, नंतरच कागद मागितला. वनहक्क कायदा 2006 चा. त्याखाली सामूहिक वनहक्क 2009 मध्ये मिळवणारं मेंढा हे देशातल्या पहिल्या काही गावांपैकी एक. जंगल सुमारे 1,800 हेक्टर. हक्क मिळाला तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागतो आणि तो मिळेना. गावानं "पाहू काही तरी" म्हटलं नाही. कायद्यात बांबू गौण वनोपज आहे, हे कलमावर बोट ठेवून सांगत राहिले. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी तेव्हाचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्या गावाचे नेते देवाजी तोफा यांनी कुठल्या परदेशी विद्यापीठाची पदवी घेतली नव्हती. त्यांच्या शेजारच्या गावचा पोरगा पदव्युत्तर शिकून स्वतःच्या परवान्याची तारीख विसरतो, याला काय म्हणू?

लांब कशाला, तुझ्या बापाकडं पाहा. परवा आधारभूत खरेदी केंद्रावर भेटला. धानाची पोती ओळीनं लावलेली, हातात सातबाऱ्याची घडी, प्लास्टिकच्या पिशवीत बँकेचं पासबुक. मी विचारलं, नोंदणी झाली का? म्हणाला, "कवाचीच केली, मास्तर. तारीख गेली तर व्यापाऱ्याला पडत्या भावानं द्यावं लागते." अक्षरओळख जेमतेम, पण तारखेची किंमत त्याला ठाऊक आहे. तुझा व्हिसाही तसाच आहे. मुदतीत नोंद केलीस तर हमीचा भाव, मुदत चुकलास तर समोरचा देईल ते.

समोरचा काय देतो, तेही ऐक. तिथं बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला पहिल्या वेळी माणशी 45,000 पौंडांपर्यंत दंड आहे. म्हणून सरळ मालक तुला दारात उभं करणार नाही. वाकडा मालक ठेवेल, रोखीनं अर्धी मजुरी देईल आणि उरलेली बुडवली तरी तू पोलिसांकडं जाणार नाहीस, हे तो ओळखून असेल. घरमालकालाही भाडेकरूचा राहण्याचा हक्क तपासावा लागतो. मुदत संपल्यावर तीस दिवसांहून जास्त राहिलास, तर स्वखर्चानं मुकाट परत आलास तरी वर्षभर व्हिसा नाही. खोटी कागदपत्रं दिलीस तर दहा वर्षं. पुढं दुसऱ्या कुठल्या देशाचा फॉर्म भरताना "पूर्वी नियम मोडला होता का" या चौकटीत खरं लिहावं लागेल ते वेगळंच.

वरच्या वर्षाच्या पोरांचं ऐकून चालू नकोस, ही एक गोष्ट या पत्रातून इतरांनीही घ्यावी. नियम बदलतात. पदवीनंतर काम करण्याची जुनी वाट तिथल्या सरकारनं 2012 मध्ये बंद केली, 2021 च्या जुलैत नव्यानं उघडली. आज पदव्युत्तर विद्यार्थ्याला दोन वर्षं मिळतात, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्याला 18 महिनेच मिळणार आहेत. पूर्वी हातात कार्ड असायचं, त्यावर तारीख छापलेली दिसायची. आता सगळं ई-व्हिसावर गेलं. खिशात कार्ड नाही, म्हणून तारीखही डोळ्यांपुढं नाही. स्वतःचं खातं उघडून ती पाहिल्याशिवाय गत्यंतर नाही. पाहिलीस का कधी?

पैशाचंही तू सांगितलं नाहीस, मीच सांगतो. 2025 च्या एप्रिलमध्ये अर्जाची फी 880 पौंड झाली. आरोग्य अधिभार वर्षाला 1,035, म्हणजे दोन वर्षांचे 2,070. त्या फीनं बेरीज 2,950 पौंड, आपले तीन लाखांच्या वर, आणि तेही अर्जासोबत एकरकमी. गोदामातल्या पाळ्यांतून साठवलेत का? नसतील तर बापाला बैलजोडी विकायला लावू नकोस. आधी ठरव, तुला तिथं राहायचं तरी कशासाठी आहे.

कारण माझा राग तू परत येशील याचा नाही. येणं कमीपणाचं नाही. बाबासाहेब 1916 मध्ये लंडनला पोचले आणि बडोद्याची शिष्यवृत्ती संपली म्हणून 1917 मध्ये त्यांना अभ्यास अर्धवट टाकून परतावं लागलं. तेव्हा व्हिसाची भानगड नव्हती, मुदतीची होती. पण बोटीत बसण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवून ठेवली होती. मुंबईत सिडनेहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले आणि मुदत उरलेली असतानाच, 1920 मध्ये, पुन्हा लंडन गाठलं. 1921 ला एमएस्सी, 1923 ला डीएस्सी. त्यांच्या फोटोला हार घालणं सोपं आहे. निघण्याआधी परवानगी पक्की करून ठेवण्याची त्यांची शिस्त उचल, म्हणजे जयंतीला भाषण ठोकायचा हक्क मिळेल.

तेव्हा राहायचं तर कायद्यानं राहा, यायचं तर मान वर करून मुदतीत ये. इथं गोंडवाना विद्यापीठ आहे, शाळा आहेत, ग्रामसभांना हिशेब आणि कायदा समजणारी माणसं हवी आहेत. तिसरी वाट, म्हणजे मुदत टळू देऊन लपतछपत राहण्याची, ती माझ्या विद्यार्थ्यासाठी नाही.

आज काय करायचं ते सांगतो, ओळीनं कर. आधी खातं उघडून व्हिसाची नेमकी तारीख पाहा. मग विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जा. तिथला सल्ला फुकट असतो आणि तिथल्या माणसांना असा सल्ला देण्याची मुभा असते. "मी करून देतो, पाचशे पौंड द्या" म्हणणाऱ्या एजंटाच्या दारी जाऊ नकोस. त्या देशात नोंदणी नसलेल्यानं असा सल्ला देणं गुन्हा आहे. तुझा अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचं विद्यापीठानं गृहखात्याला कळवलं का, ते विचार. ते कळवल्याशिवाय केलेला अर्ज फेटाळला जातो आणि फी बुडते. संमतिपत्रासाठी नाशिकला आजच ईमेल कर, उद्या सकाळी फोन कर, आणि अडलं तर मला सांग. मी स्वतः गाडीत बसून जाईन, पण तुझा अर्ज तयार आहे हे पाहिल्यावरच.

अर्ज गेला की पावतीचा फोटो पाठव. यायचं ठरवलंस तर मुदतीच्या आतल्या तारखेचं तिकीट पाठव. दोन्हींपैकी काही हातात आल्याशिवाय मला "सर, कसे आहात" विचारू नकोस.

तुझा मास्तर,
धानोरा